सोमवारचं चॉकलेट

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र गोड आहे!

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ताईकडे स्वित्झर्लंडला, बर्नला गेले होते. ती दिवसभर तिच्या लॅबमध्ये. मग मी नकाशावर चॉकलेटच्या जागांना गोल केले आणि एकटीच पायी निघाले. ना गाईड, ना ग्रुप. स्टेशनच्या मागच्या बाजूला टोब्लरचा जुना कारखाना लागला. तिकोनी टोब्लरोन १९०८ मध्ये याच शहरात जन्मलं. त्या कारखान्यात आता युनिव्हर्सिटीची लायब्ररी आहे. पुढे जुन्या शहरातल्या दगडी कमानींखालची दुकानं. किंमत बघायची, एकच तुकडा घ्यायचा आणि पुढे चालायला लागायचं! शेवटचा गोल माट्टेचा. चर्चच्या आवारातून लिफ्टने खाली आरे नदीकाठी उतरले. इथेच रोडॉल्फ लिंड्टने काम केलं.

रोडॉल्फ १८५५ साली बर्नमध्येच जन्मला. वडील औषधविक्रेते. लोझानच्या कोहलर यांच्या चॉकलेट कारखान्यात त्याने उमेदवारी केली आणि १८७९ मध्ये, पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, माट्टेत आगीत होरपळलेले दोन कारखाने घेतले. यंत्रं जुनाट. तेव्हाचं चॉकलेटही कडक आणि खरखरीत असायचं, साच्यात दाबून बसवावं लागायचं.

असं सांगतात, की एका शुक्रवारी तो मशीन बंद न करताच निघून गेला. सोमवारी येऊन बघतो तर आत चकचकीत, पातळ, जिभेवर विरघळणारं चॉकलेट! गोष्ट खरी की खोटी, देव जाणे. पण मशीन खरं आहे. शिंपल्यासारख्या आकारामुळे त्याला कोंच म्हणतात. त्यात रोलर तासन् तास मागे-पुढे फिरतो. ओलावा आणि आंबूस वास उडून जातो, साखरेच्या कणाकणावर स्निग्धाचा थर बसतो. रोडॉल्फने वरून कोको बटरही घातलं. मग चॉकलेट साच्यात सरळ ओतता येऊ लागलं.

हे गुपित त्याने वीसेक वर्षं सांभाळलं. १८९९ मध्ये झुरिकच्या श्प्र्युंगलींना कारखाना आणि गुपित पंधरा लाख फ्रँकला विकलं. पुढे दोन्ही घराण्यांचं बिनसलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. १९०९ मध्ये तो वारला, तरी भांडण मिटलं नव्हतं.

सगळे त्याच्या नशिबाबद्दल बोलतात. मला नदीकाठी बसून वेगळंच सुचलं. तीन दिवस मशीन चालू राहिलं तर आपण काय करू? माल फेकून देऊ, मशीन धुऊ आणि कोणाला कळणार नाही असं बघू. त्याने चाखून बघितलं.

गेल्या सेमिस्टरला माझं एक रीडिंग ग्राफच्या बाहेर गेलं होतं. मी ते खोडलं आणि सीनियरच्या जर्नलमधलं उतरवलं. सबमिशन झालं, सहीसुद्धा मिळाली. बर्नहून आल्यावर ते पान काढून बघितलं. इतकं नीट खोडलंय, की आकडा काय होता ते मलाच वाचता येत नाही.