न पाहिलेला महाल

मेडिकलला असताना ‘कुब्ला खान’ ही कविता प्रथम वाचली, तेव्हा वाटले कवी तो महाल पाहून आला असावा. पण सॅम्युअल टेलर कोलरिज चीनला कधी गेलाच नव्हता. १७७२ साली डेव्हनमधील एका धर्मगुरूच्या घरी त्याचा जन्म झाला. कुब्लाई खानाच्या शांगडू येथील महालाविषयी त्याने पर्चसच्या ग्रंथात वाचले होते. त्याच्याच सांगण्यानुसार, अफूच्या गुंगीत कविता सुचली. लिहिता लिहिता कुणी कामासाठी आले आणि उरलेली विसरली. १८१६ मध्ये ती अपुरीच छापली गेली.

लोक त्या अफूचेच कौतुक करतात. मला डॉक्टर म्हणून तिची किंमत दिसते. दुखण्यावर घेतलेल्या औषधाचे व्यसन झाले, संसार विस्कटला, वर्ड्सवर्थसारखा मित्र दुरावला. १८१६ मध्येच, लंडनजवळच्या हायगेटला जेम्स गिलमन या डॉक्टरांनी त्याला घरी ठेवून घेतले. व्यसन पूर्ण सुटले नाही, पण आटोक्यात राहिले. त्या घरात तो आणखी १८ वर्षे जगला, लिहीत राहिला.

वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी लिहिताना मला तो महाल आठवत नाही. गिलमन पती-पत्नींचे घर आठवते.