तंजावरचे सर टी. माधवराव

सर टी. माधवराव यांच्या नावातील ‘टी’ हे अक्षर तंजावरचे. गाव नावासह जन्मभर वागविणाऱ्या या पुरुषाचे स्मरण आम्ही सुवर्णमहोत्सवी वर्षात आदरपूर्वक करीत आहोत.

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम् येथे १८२८ साली एका मराठी देशस्थ घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील रंगराव व चुलते व्यंकटराव, दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी भूषविली होती. गणितात निष्णात असलेले माधवराव १८४९ साली तेथील राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि पुढे १८७२ पर्यंत दिवाण. कर्जात बुडालेले संस्थान १८६३ मध्ये ऋणमुक्त झाले. रस्ते, कालवे व शाळा वाढल्या. तिरुवनंतपुरमची आजची सचिवालयाची वास्तूही त्यांच्याच कारकिर्दीतील.

त्यानंतर इंदूर आणि १८७५ पासून बडोदे. पिढ्यान्पिढ्या दक्षिणेत राहिलेल्या घराण्याचा हा पुत्र होळकर-गायकवाडांच्या दरबारी कारभारी झाला. बाल सयाजीरावांस त्यांनी राज्यकारभाराचे पाठ दिले.

त्रावणकोरात काय किंवा बडोद्यास काय, शिष्य कर्ते होताच मतभेद झाले आणि गुरूने पद सोडले. आम्हांस यात पराभव दिसत नाही. परमुलखात मुले वाढविणाऱ्या आम्हां सर्वांस हे कधीतरी उमगतेच, की शिकविलेले मूल एके दिवशी स्वतःच्या बुद्धीने चालू लागते.

निवृत्तीनंतर ते मद्रासेत राहिले. १८८७ च्या काँग्रेस अधिवेशनाचे स्वागताध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. १८९१ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.