बेहरामजी मलबारी : अल्पवयी मुलींचे कैवारी

बेहरामजी मलबारी ह्यांचा जन्म 1853 साली बडोदे येथे एका गरीब पारशी कारकुनाच्या घरी झाला. सहा-सात वर्षांचे असता पिता वारला आणि माता त्यांस घेऊन सुरतेस आली. तेथील आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत ते शिकले. धर्माने ते अखेरपर्यंत पारशीच राहिले. परंतु निराधार बालकाचे दुःख त्यांस स्वानुभवाने ठाऊक होते.

पुढे मुंबईस येऊन त्यांनी इंडियन स्पेक्टेटर हे पत्र चालविले. 1860 च्या दंडसंहितेने मुलीस केवळ दहा वर्षांपर्यंत संरक्षण दिले होते. 1884 साली मलबारींनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य ह्यांवर टिपणे लिहून देशातील विचारवंतांकडे व अधिकाऱ्यांकडे धाडली. इतक्यात कलकत्त्यास फुलमणी नावाची बालिका पतीच्या अत्याचाराने मरण पावली. तिने दहा वर्षे ओलांडली होती, म्हणून पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू होईना. त्यास एक वर्षाची सक्तमजुरी तेवढी झाली.

1890 साली मलबारी विलायतेस गेले व तेथेही त्यांनी हा प्रश्न मांडला. इकडे मोठा वाद माजला. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे; तर अशा कायद्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे डॉ. भांडारकरांनी दाखविले. अखेर 19 मार्च 1891 रोजी संमतिवयाचा कायदा झाला. बारा वर्षांखालील मुलीशी, मग ती पत्नी का असेना, शरीरसंबंध हा बलात्कार ठरला. 1908 साली मलबारींनी दयाराम गिदुमल ह्यांच्यासह मुंबईत सेवासदन स्थापिले. 1912 साली सिमल्यास त्यांचे देहावसान झाले.

तथापि तो कायदा बहुधा कागदावरच राहिला. कारण घरातील गोष्ट चावडीवर नेण्यास कोणी धजेना. आज 2012 च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीस संरक्षण आहे. गुन्हा ठाऊक असूनही पोलिसांस न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे अल्पवयीनाचा व्यापार करणाऱ्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी, प्रसंगी जन्मठेप आहे.

म्हणून, वाचकहो, अंधेरीस किंवा घाटकोपरास घरकाम लावून देतो, असे सांगून कोणी गावातील मुलीस नेऊ लागला, तर त्याचा ठावठिकाणा विचारा. संशय येताच 1098 ह्या क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात कळवा.  मलबारी परक्यांच्या मुलींसाठी बोलले. शेजाऱ्याने तोंड उघडल्यावाचून कायद्यास डोळे फुटत नाहीत.