आचार्य शांतिसागर

आचार्य शांतिसागर महाराज (जन्मनाव: सातगौडा भीमगौडा पाटील, इ.स. १८७२ – १८ सप्टेंबर, इ.स. १९५५) हे विसाव्या शतकातील एक प्रमुख दिगंबर जैन आचार्य होते. क्षीण झालेली दिगंबर मुनिपरंपरा त्यांच्यामुळे पुन्हा सुस्थिर झाली आणि उत्तर भारतात मुनिसंघांचा विहार नव्याने सुरू झाला. ते चारित्र्यचक्रवर्ती या पदवीने ओळखले जातात. त्यांच्या जीवनातील अनेक महत्त्वाच्या घटना गिरनार, सम्मेद शिखर, गजपंथा आणि कुंथलगिरी या तीर्थक्षेत्री घडल्या.

जन्म आणि पूर्वायुष्य

सातगौडा यांचा जन्म येळगूळ या आजोळच्या गावी झाला. त्यांचे घराणे जवळच्याच भोज या गावचे. भोज हे दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. घरी शेती आणि कापडाचा व्यापार होता. त्या काळच्या रूढीप्रमाणे बालपणीच त्यांचा विवाह झाला. परंतु पत्नीचे लवकरच निधन झाले व त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. गावात मुनी आले असता त्यांना खांद्यावर बसवून ते नदीपार नेत असत, असे चरित्रकार सांगतात. घर सोडण्याची इच्छा लवकर निर्माण होऊनही आईवडील हयात असेपर्यंत ते त्यांच्या सेवेत राहिले.

दीक्षा

आईवडिलांच्या निधनानंतर, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्यांनी उत्तूर येथे देवेंद्रकीर्ती यांच्याकडून क्षुल्लक दीक्षा घेतली. पुढे गिरनार पर्वतावर त्यांनी ऐलक व्रत स्वीकारले. गिरनार ही बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची निर्वाणभूमी होय. या यात्रेनंतर त्यांनी वाहनाचा आजन्म त्याग केला. इ.स. १९२० मध्ये यरनाळ येथे त्यांनी मुनिदीक्षा घेतली, तर इ.स. १९२४ मध्ये सांगली जिल्ह्यातील समडोळी येथे त्यांना आचार्यपद देण्यात आले.

तीर्थयात्रा आणि विहार

ज्या स्थानावरून तीर्थंकर किंवा मुनी मोक्षास गेले, त्यास दिगंबर परंपरेत सिद्धक्षेत्र म्हणतात; एखाद्या मूर्तीच्या किंवा घटनेच्या प्रभावामुळे प्रसिद्ध झालेल्या स्थानास अतिशयक्षेत्र म्हणतात. तेथे गेल्याने मोक्ष मिळतो अशी जैन धारणा नाही. ज्यांनी कर्मबंध तोडले त्यांचे स्मरण व्हावे आणि यात्रेकरूने आपल्या शक्तीनुसार एखादे व्रत घेऊन परतावे, हा यात्रेचा हेतू असतो. शांतिसागर यांच्या यात्रांतून हाच अर्थ प्रकट होतो.

इ.स. १९२७ मध्ये त्यांचा संघ कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्राहून सम्मेद शिखराकडे पायी निघाला. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी मानला जाणारा हा पर्वत आज झारखंड राज्यात असून त्याची उंची सुमारे १,३६५ मीटर आहे. मुंबईच्या जव्हेरी कुटुंबाने संघासोबत येणाऱ्या श्रावकांची व्यवस्था पाहिली. इ.स. १९२८ मध्ये संघ शिखरजीस पोहोचला. वाटेतील अनेक गावांनी कित्येक पिढ्यांत दिगंबर मुनी पाहिले नव्हते. काही प्रदेशांत नग्न मुनींच्या संचारावर निर्बंधही होते. पुढे दिल्ली येथील चातुर्मासात शहराच्या प्रमुख भागांतून विहार करून त्यांनी मुनींच्या मुक्त संचाराचा हक्क प्रस्थापित केला. नाशिकजवळील गजपंथा या सिद्धक्षेत्री त्यांना चारित्र्यचक्रवर्ती ही पदवी अर्पण करण्यात आली.

धवला, जयधवला आदी प्राचीन सिद्धांतग्रंथांची मूडबिद्री येथील ताडपत्रे जीर्ण झाल्याचे कळल्यावर, हे ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून घेण्याची प्रेरणा त्यांनी दिली.

मंदिरप्रवेशाचा प्रश्न

मुंबई प्रांतात इ.स. १९४७ मध्ये हरिजन मंदिरप्रवेश कायदा संमत झाला. जैन धर्म स्वतंत्र असल्याने हा कायदा जैन मंदिरांना लागू होऊ नये, अशी भूमिका घेऊन शांतिसागर यांनी इ.स. १९४८ मध्ये अन्नधान्याचा त्याग केला. हा त्याग सुमारे तीन वर्षे चालला. अकलूज येथील जैन मंदिराच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने इ.स. १९५१ मध्ये निकाल दिला. ज्या जैन मंदिरात अन्य हिंदूंना प्रवेशाचा हक्क नव्हता, तेथे या कायद्याने हरिजनांना नवा हक्क मिळत नाही, असा त्याचा आशय होता. त्यानंतर त्यांनी धान्य घेण्यास प्रारंभ केला.

हा त्यांच्या चरित्रातील वादाचा विषय आहे. अनुयायी त्याकडे धर्माच्या स्वातंत्र्याचे रक्षण म्हणून पाहतात. परंतु अस्पृश्यता निवारणाच्या दृष्टीने ही भूमिका समतेच्या आड येणारी ठरते. इ.स. १९५६ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने पुढे जैनांच्या सार्वजनिक उपासनास्थानांचाही समावेश केला.

कुंथलगिरी येथील सल्लेखना

वृद्धापकाळी त्यांची दृष्टी क्षीण झाली. पायाखालील जीव पाहून पाऊल टाकणे आणि आहार डोळ्यांनी पारखून घेणे ही मुनिधर्माची अट होय. ती पाळणे अशक्य झाल्यास शरीर टिकविण्यासाठी व्रत मोडण्याऐवजी क्रमाने आहार सोडावा, असा मार्ग जैन आचारात सांगितला आहे. त्यास सल्लेखना म्हणतात.

यासाठी त्यांनी कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र निवडले. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात असलेली ही टेकडी कुलभूषण आणि देशभूषण या मुनींची निर्वाणभूमी मानली जाते. १४ ऑगस्ट, इ.स. १९५५ रोजी त्यांनी सल्लेखना आरंभिली. याच काळात त्यांनी आपले आचार्यपद शिष्य वीरसागर यांना दिले. सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबर रोजी, त्यांनी मराठीत अखेरचा उपदेश केला व तो ध्वनिमुद्रित करण्यात आला. आत्मचिंतन हा त्याचा मुख्य विषय होता. छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबर रोजी, त्यांचे समाधिमरण झाले.

वारसा

वीरसागर यांच्यापासून चालत आलेली आचार्यपरंपरा आजही सुरू आहे. दिगंबर मुनी आज देशभर पायी विहार करताना दिसतात, त्यामागे शांतिसागर यांच्या पदयात्रांचा मोठा वाटा आहे. कुंथलगिरीस येणारे यात्रेकरू कुलभूषण आणि देशभूषण यांच्याबरोबर त्यांचेही स्मरण करतात.