एडगर कॉड : ज्यांच्यामुळे डेटाबेसला सरळ प्रश्न विचारता येतो

एडगर कॉड यांचा जन्म १९२३ चा, इंग्लंडमधला. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात पायलट होते, नंतर आयबीएममध्ये लागले.

१९७० मध्ये त्यांनी सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवायची कल्पना मांडली. काय हवंय ते माणसानं सांगायचं, कसं शोधायचं ते कॉम्प्युटरनं बघायचं. पण आयबीएमची कमाई जुन्या डेटाबेसवर होती, त्यामुळे कंपनीनं चालढकल केली. एसक्यूएल भाषा आयबीएमच्याच लोकांनी बनवली, पण १९७९ मध्ये ती बाजारात आधी आणली पुढे ओरॅकल झालेल्या कंपनीनं.

ओरॅकलमध्ये नेहमीचा हिशेब फंक्शन करून पॅकेजमध्ये ठेवता येतो. समजा, नंदुरबारच्या रेशनकार्डांचा तक्ता आहे. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. हा नियम ‘रेशन’ पॅकेजच्या ‘हक्क’ फंक्शनमध्ये लिहायचा. मग सिलेक्टमध्ये आधी पॅकेज, मग टिंब, मग फंक्शन : रेशन.हक्क(प्रकार, सदस्य). प्रत्येक कुटुंबासमोर त्याचं धान्य येतं.

फक्त हे फंक्शन पॅकेजच्या जाहीर भागात हवं, नाहीतर क्वेरीला ते सापडत नाही.

फायदा काय? नियम बदलला तर दुरुस्ती एकाच जागी. नाहीतर शहाद्याच्या यादीत नवा हिशेब आणि धडगावच्या यादीत जुना, असं होऊन एखाद्या घराचं धान्य कमी भरायचं.

कॉड यांना १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये ते गेले. त्यांचे तक्ते मात्र आजही जगभर चालू आहेत.