पंडित भगवानलाल इंद्रजी : नाणी वाचणारा संशोधक



आपल्या ताथवडे परिसरातल्या मुलांच्या कंपासपेटीत परदेशी नाणी सहज सापडतात. कुणाचे बाबा हिंजवडीतल्या कंपनीतर्फे जर्मनीला जाऊन आलेले असतात, कुणाची आई चाकणच्या कारखान्याच्या कामासाठी जपानला गेलेली असते. नाणी गोळा करायचा छंद मग आपोआप लागतो. एकदा वर्गातल्या एका मुलाने नेपाळचे नाणे आणले. त्यावर देवनागरीत २०६० हे साल होते. हे नाणे तर अजून पाडलेच गेलेले नाही, असा त्याचा ठाम दावा! मग फळ्यावर गणित मांडले. नेपाळमध्ये विक्रम संवत चालतो, तो इसवी सनाच्या सुमारे ५७ वर्षे पुढे असतो, म्हणजे हे नाणे २००३ च्या आसपासचे. वर्ग एकदम शांत झाला. नाण्यावरचा आकडा नुसता पाहायचा नसतो, तो कोणत्या सनाचा आहे हे ओळखून वाचायचा असतो, हे मुलांना त्या दिवशी समजले.

हेच काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांची ओळख आज करून घेऊ या. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आपण सातवाहन आणि क्षत्रप शिकवतो. त्यांतली कितीतरी माहिती या माणसाच्या डोळ्यांतून आपल्यापर्यंत आली आहे.

गिरनारच्या पायथ्याचा मुलगा

भगवानलाल यांचा जन्म नोव्हेंबर १८३९ मध्ये सौराष्ट्रातल्या जुनागढ येथे झाला. घरात संस्कृतची आणि वैद्यकीची परंपरा होती. इंग्रजी शिक्षण मात्र त्यांना फारसे मिळाले नाही. पण गावाजवळ, गिरनारच्या वाटेवर, एक भलीमोठी शिळा होती. तिच्यावर सम्राट अशोकाचे लेख आहेत, महाक्षत्रप रुद्रदामनचा लेख आहे आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळातलाही लेख आहे. एका दगडावर तीन काळ! गावातले लोक रोज तिच्यावरून जात, पण ती अक्षरे वाचता येणारे कुणी नव्हते.

ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेप यांनी भगवानलाल यांच्या जन्माच्या थोडे आधी, १८३७ च्या सुमारास उलगडली होती. त्या अक्षरांच्या तक्त्याची प्रत या मुलाच्या हाती लागली. तक्ता घेऊन तो शिळेपाशी जाई, एकेक अक्षर जुळवून पाही. शिकवायला गुरुजी नव्हते, परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र तर नव्हतेच. सौराष्ट्रात क्षत्रप राजांची चांदीची बारीक नाणीही पुष्कळ सापडत. शिळेवर शिकलेली अक्षरे तो नाण्यांवर शोधू लागला. छंदाची सुरुवात ही अशी झाली. म्हणजे बघा, त्यांनी आधी वाचायला शिकून घेतले आणि मग गोळा केले. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलट होते.

मुंबई आणि भाऊ दाजी

१८६१ च्या सुमारास, विशीतल्या भगवानलाल यांची शिफारस अलेक्झांडर फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे केली. भाऊ दाजींचे नाव तुम्हाला माहीत असेल. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे. मूळचे गोव्याकडचे, ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले, दोनदा मुंबईचे शेरीफ राहिलेले आणि जुनी नाणी, हस्तलिखिते, शिलालेख यांचे मोठे अभ्यासक. रुग्ण आणि सार्वजनिक कामे यांतून त्यांना गावोगाव फिरायला सवड नव्हती. ते काम भगवानलाल यांनी उचलले.

पुढची बारा-तेरा वर्षे ते भारतभर फिरले. लेण्यांत शिरायचे, शिलालेखाचे ठसे घ्यायचे, अक्षर पुसट असेल तर पुन्हा पुन्हा ऊन बदलेपर्यंत थांबून पाहायचे, बाजारात नाणी शोधायची. १८६९ मध्ये मथुरेला एका देवीच्या ओट्याच्या पायरीत बसवलेला दगड त्यांच्या नजरेस पडला. तो निघाला क्षत्रपांच्या काळातला, खरोष्ठी लिपीत कोरलेला सिंहस्तंभशीर्ष. किती जणांनी त्या पायरीवर पाय दिला असेल!

भगवानलाल यांना इंग्रजीत लिहिता येत नसे. ते वाचन करत, टिपणे काढत आणि त्या काळातले बरेच निबंध भाऊ दाजींच्या नावाने प्रसिद्ध होत. आज आपल्याला हे खटकते, आणि खटकायला हवे. पण भाऊंनीच त्यांना खर्च दिला, पुस्तके दिली, विद्वानांच्या जगाचे दार उघडून दिले, हेही तितकेच खरे. १८७४ मध्ये भाऊ दाजी गेले. त्याच वर्षी भगवानलाल नेपाळमध्ये शिलालेख गोळा करत होते. आधार गेला, पण काम त्यांनी सोडले नाही. यानंतर मात्र त्यांचे निबंध त्यांच्या स्वतःच्या नावाने येऊ लागले. जर्मन विद्वान ब्यूलर यांच्यासारखे अभ्यासक त्यांचे लेखन इंग्रजीत नेण्यास मदत करत.

आपल्या आसपासच्या लेण्यांत

आता नकाशा जरा आपल्याकडे आणू या. ताथवड्याहून जुन्या महामार्गाने लोणावळ्याकडे निघालात की कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी लागतात. चाकण, नारायणगाव करत जुन्नरला गेलात की पुढे नाणेघाट. या लेण्यांतले लेख भगवानलाल यांनी वाचले आणि १८८१ मध्ये जेम्स बर्जेस यांच्याबरोबर पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचे पुस्तक काढले.

नाणेघाटात गेला असाल तर तिथला दगडी रांजण आठवतो ना? त्यात जकातीची नाणी टाकत, असे सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञात दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नावाची नाणी यांची त्यात यादी आहे, आणि यादी म्हटली की आकडे आलेच. भगवानलाल यांनी या आकड्यांवर निबंध लिहिला. त्या काळी आजच्यासारखी स्थानिक किंमत नव्हती. शंभरासाठी वेगळे चिन्ह, वीससाठी वेगळे, चारासाठी वेगळे. एकशे चोवीस लिहायचे तर ही तीन चिन्हे एकापुढे एक मांडायची. गणिताच्या शिक्षकांनो, शून्याचे महत्त्व शिकवायला याहून चांगले उदाहरण कुठले?

नाशिकच्या पांडवलेण्यांतले लेखही त्यांनी वाचले. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याच्या लेखात चक्क नाण्यांचा भाव दिला आहे : ३५ कार्षापण म्हणजे एक सुवर्ण. शिवाय श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी आहेत. २,००० कार्षापणांवर महिना शेकडा एक व्याज आणि १,००० वर महिना शेकडा पाऊण. मुदत ठेव काही आजची नाही बरं का!

बोटाच्या पेराएवढी नाणी, तीनशे वर्षांचा इतिहास

भगवानलाल यांचे सर्वांत मोठे काम क्षत्रपांच्या नाण्यांवरचे. हे नाणे जेमतेम दोन ग्रॅमचे. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे. पुढच्या काळात त्या अक्षरांना अर्थही उरला नाही, नुसती नक्षी राहिली. दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, चंद्र, सूर्य आणि कडेने ब्राह्मी लेख. या लेखात राजाचे नाव असते, त्याच्या वडिलांचे नाव असते आणि दोघांच्या पदव्याही असतात. क्षत्रप ही धाकटी पदवी, महाक्षत्रप ही थोरली. आणि बऱ्याच नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे आकड्यात वर्ष. वर्ष शक संवतातले, म्हणून त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. १२४ असेल तर २०२.

आता तुम्हीच विचार करा. दोन नाण्यांवर वडिलांचे नाव एकच आहे, राजे वेगळे आहेत आणि वर्षे पाठोपाठची आहेत. याचा अर्थ काय? गादी मुलाकडे न जाता भावाकडे गेली. कोणत्याही ग्रंथात न आलेली ही गोष्ट नाण्यांनी सांगितली. अशी शेकडो नाणी क्रमाने लावून भगवानलाल यांनी सुमारे तीनशे वर्षांच्या राजवटीची वंशावळ उभी केली. त्यातले एखादे नाणे घासून पांढरे केले असते आणि डोक्यामागचा आकडा गेला असता, तर साखळीतली एक कडी कायमची निखळली असती.

नाणे कुठे सापडले याचीही किंमत तेवढीच. एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी आजच्या नालासोपाऱ्याजवळचा बुरुड राजाचा कोट नावाचा ढिगारा खणला. तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सगळ्यांत आतल्या सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे तुकडे. आणि सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे. ते नाणे एखाद्या सोनाराच्या दुकानात मिळाले असते तर ते फक्त एक सुंदर नाणे ठरले असते. स्तूपात मिळाल्यामुळे त्याने स्तूपाच्या काळाचा अंदाज दिला.

शेवटची वर्षे

१८८४ मध्ये हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. इंग्रजी शिक्षण नसलेल्या माणसाचा हा गौरव मुलांना आवर्जून सांगा. १६ मार्च १८८८ रोजी मुंबईत वाळकेश्वरला त्यांचे निधन झाले. क्षत्रपांवरचा निबंध अपुरा राहिला होता. तो रॅप्सन यांनी संपादित करून १८९० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केला.

मृत्युपत्रात त्यांनी नाणी आणि मथुरेचा सिंहस्तंभशीर्ष ब्रिटिश म्युझियमला दिले, हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला. आपली नाणी लंडनला गेली याची रुखरुख वाटतेच. आजच्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीचे नाणे देशाबाहेर नेताच येत नाही. पण त्यांनी ती विकली नाहीत, वाटली नाहीत, संग्रह एकत्र राहू दिला. म्हणूनच १९०८ च्या ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत अभ्यासकांना तो सापडतो.

आमची एक चूक, आणि तुमच्यासाठी उपक्रम

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी नाण्यांच्या प्रदर्शनासाठी मी मुलांना नाणी स्वच्छ करून आणायला सांगितले होते. मावळातल्या एका जुन्या घरातली शिवराई एका मुलीने आणली, चिंच आणि मीठ लावून लख्ख घासलेली. तिच्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणे तिच्यावरची अक्षरे आधी बोटाला लागत. आता लागत नव्हती. आजोबा मला काही बोलले नाहीत, हेच जास्त लागले. भगवानलाल यांचे चरित्र मी त्यानंतर वाचले. आधी वाचायला हवे होते.

म्हणून हे करून पाहा :

१. नाणे घासू नका. कडेने धरा, कागदाच्या पाकिटात ठेवा.

२. प्रत्येक नाण्यासाठी वहीत एक ओळ लिहा : कुणी दिले, कुठून आले, कधी मिळाले. हे आज लिहिले नाही तर उद्या कुणालाच सांगता येणार नाही.

३. वर्ष कोणत्या सनाचे ते शोधा. जपानच्या नाण्यावर सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. रेवा १ म्हणजे २०१९. पाच येनच्या भोकाच्या नाण्यावर तर किंमतही जपानी लिपीत असते. मुलांना कोडे म्हणून द्या.

४. खिशातल्या रुपयाच्या वर्षाखाली पाहा. हिऱ्याचा आकार म्हणजे मुंबई टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

५. आपल्याकडे जिकडेतिकडे पाया खणणे चालू आहे. जमिनीत जुनी नाणी सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हे मुलांना सांगा. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. कोणी कोणाला जिंकले याचा तो पुरावा. तो हंडा गुपचूप आटवला गेला असता तर चांदी उरली असती, पुरावा गेला असता.

ती शिवराई आजोबांनी नंतर पुन्हा माझ्याकडे पाठवली, मुलांना दाखवायला. सोबत एक चिठ्ठी होती. नाणे घरात कुणाकडून आले, कोणत्या पेटीत असे, हे सगळे त्यांनी आठवून लिहिले होते. आता दरवर्षी मी वर्गात आधी ती चिठ्ठी वाचून दाखवतो आणि मग नाणे.