मुलांच्या काकू : सावित्रीबाई फुले

प्रतिवर्षी ३ जानेवारीस आपल्या माळी-मरार समाजात सावित्रीबाईंच्या तसबिरीस हार घातला जातो, मुलींची भाषणे होतात, आणि भिडे वाड्यातील शाळा, अंगावर आलेले शेण व दगड, पिशवीतील दुसरे लुगडे हे प्रसंग सांगितले जातात. दवनीवाड्याच्या परिसरात शिक्षकी पेशात असताना आम्हीही अशी भाषणे वर्षानुवर्षे केली व मुलांकडून पाठ करवून घेतली. त्या भाषणांत बालहत्या प्रतिबंधक गृहाचा उल्लेख असे तो एका वाक्यापुरता. निवृत्तीनंतर सवडीने चरित्रे वाचू लागलो तेव्हा आमची चूक आमच्या ध्यानी आली. टाकलेली, उपाशी व आजारी मुले उचलून घेण्याचे काम या माउलीने १८६३ पासून आपल्या अखेरच्या आजारापर्यंत, म्हणजे ३४ वर्षे केले. शाळेची गोष्ट ज्ञातिबांधवांस पाठच आहे. म्हणून या लेखात आम्ही तिच्यावर फारसे थांबणार नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीरावांची आई त्यांच्या बालपणीच वारली होती आणि त्यांस मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी वाढविले होते. या सगुणाबाई बालविधवा असून एका मिशनरी साहेबाकडे अनाथ मुलांचा सांभाळ करीत असत. पोटच्या पोराइतकाच जीव परक्याच्या पोरास लावता येतो, हे नव्या सुनेने प्रथम पाहिले ते या बाईंच्या ठायी. १८४८ साली शाळा निघाली, १८४९ साली सासरे गोविंदरावांनी लोकांच्या धाकाने दोघांस घराबाहेर काढले, आणि १८५२ साली सरकारने विश्रामबाग वाड्यात जोतीरावांस शालजोडी देऊन त्यांचा गौरव केला. इतके सांगून आम्ही १८६३ सालाकडे वळतो.

त्या साली पुण्यात घडलेली एक घटना पुढे जोतीरावांनी सरकारास लिहून कळविली आहे. त्यांचे स्नेही सदाशिवराव गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. शेजारच्या एका शास्त्र्याच्या नादाने तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय तिने केले, ते फसले, आणि मूल जन्मास आल्यावर अब्रूच्या भयाने तिने त्याचा गळा चिरून प्रेत परसातील विहिरीत टाकले. पुढे तपास लागला, खटला चालला व तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. विधवाविवाहास मोकळीक देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. परंतु कायद्याच्या कागदाने ज्ञातीचा बहिष्कार टळत नसे. शिक्षा भोगावयास बाई एकटीच गेली. शास्त्रीबोवांस कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

पुण्यातील अनेक थोर गृहस्थ या प्रकरणाने हळहळले असतील. जोतीराव व सावित्रीबाई यांनी मात्र आपल्या राहत्या घराच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर त्याची पत्रके लावली. विधवेने येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, तो तिच्या खुशीचा प्रश्न. ठेवलेल्या मुलाची काळजी गृह घेईल, असा त्या पत्रकांचा आशय होता. ज्या वस्तीतील लोकांनी या बाईंवर शेण फेकले, त्याच वस्तीतील लेकीबाळींसाठी त्यांनी आपल्या घराचे दार उघडे ठेवले. यावर अधिक भाष्य करण्याची आम्हांस गरज वाटत नाही.

जोतीरावांचे दिवस ठेकेदारीत, लेखनात व सभांत जात. गृहाचा प्रत्यक्ष भार सावित्रीबाईंवर होता. रात्री अपरात्री तोंड झाकून आलेल्या बाईस आत घेणे, तिचे बाळंतपण करणे, नाव गुप्त राखणे आणि ती निघून गेल्यावर मागे राहिलेल्या कोवळ्या जिवास दूध पाजणे, ही सर्व कामे त्यांच्या हातची. स्वतःस मूल नसलेल्या या बाईस ती मुले काकू म्हणत आणि जोतीरावांस तात्या.

आता आम्ही जी गोष्ट सांगणार आहोत ती सहसा भाषणांत येत नाही. डिसेंबर १८८४ मध्ये जोतीरावांनी सरकारास गृहाचा जो हिशेब कळविला, त्यानुसार तोपर्यंत ३५ विधवा येथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्या ३५ मुलांपैकी हयात होती केवळ ५. उरलेली ३० दगावली, कारण येथे येण्यापूर्वी गर्भ पाडण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी त्यांस पोटातच इजा झाली होती. वाचकहो, २१ वर्षांत ३० चिमुकली प्रेते ज्या घरातून निघाली त्या घरातील बाईची कल्पना करा. लोकांच्या शिव्या सोसणे एक वेळ सोपे; आपण न्हाऊमाखू घातलेले बाळ हातात थंड झाल्यावर पुढच्या रात्री पुन्हा दार उघडणे फार कठीण. आज जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम करणारी जी तरुण मुले-मुली आहेत, त्यांनी हे आकडे अवश्य वाचावेत. आपल्या हातून सगळीच मुले वाचत नाहीत, हे दुःख त्यांच्याही वाट्यास येते.

काळ पालटला आहे, हे खरे. १८७५ साली पंढरपुरास प्रार्थना समाजाच्या आश्रयाने टाकलेल्या मुलांसाठी बालकाश्रम निघाला व तेथे कित्येक मुले वाढली. आता तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार ज्या मातेस मूल सांभाळणे अशक्य आहे तिला ते बाल कल्याण समितीपुढे रीतसर स्वाधीन करता येते आणि निर्णयाचा फेरविचार करण्यास दोन महिन्यांची मुदत मिळते. १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास संकटातील मुलासाठी धावून येणारी व्यवस्था आहे. न्यावे किंवा ठेवावे हे आईवर सोडणारी जी पत्रके १८६३ साली पुण्याच्या भिंतींवर लागली, त्यांतील विचारच पुढे कायद्यात आला असे आम्हांस वाटते. तरीही उकिरड्यावर वा झुडपात अर्भक सापडल्याचे वृत्त अधूनमधून वर्तमानपत्रांत येतच असते.

१८७४ च्या सुमारास गृहात बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला व त्याचे नाव यशवंत ठेवले. संतती नाही म्हणून जोतीरावांनी दुसरे लग्न करावे असा नातलगांचा आग्रह होता, तो त्यांनी मानला नव्हता. दत्तकच घ्यावयाचे तर भाऊबंदांत मुले थोडी नव्हती. ती सोडून ज्याच्या बापाचा ठावठिकाणा कोणी सांगेना असे मूल त्यांनी ओटीत घेतले. येथे आम्हांस आपल्याच समाजाविषयी थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. आपल्याकडे निपुत्रिक जोडपे दत्तक घेते ते बहुधा भावाचा किंवा दिराचा मुलगा. संस्थेतील मुलाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो जातीचा. ज्यांची तसबीर मंडपाच्या मध्यभागी ठेवून आपण बसतो, त्यांच्या घरी हा प्रश्न विचारला गेला नव्हता.

इतरांनी मात्र तो विचारला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी वाद घातला. दत्तकाचा अधिकार त्यांस मान्य नव्हता. प्रेत दारात आणि तंटा सुरू, अशा वेळी सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, टिटवे हाती घेऊन यात्रेच्या अग्रभागी चालल्या व पतीच्या चितेस अग्नी दिला. त्या काळी स्त्रीने असे करणे कोणाच्या कल्पनेतही नव्हते. यशवंतास त्यांनी डॉक्टर केले होते आणि १८८९ साली सत्यशोधक पद्धतीने त्याचा विवाह ज्ञानोबा ससाणे यांच्या कन्येशी लावला होता.

मधल्या १८७६-७७ च्या दुष्काळात आईबापांनी सोडलेली मुले रस्तोरस्ती फिरू लागली, तेव्हा सत्यशोधक समाजाने धनकवडीस बालाश्रम काढून त्यांच्या अन्नाची सोय केली. एप्रिल १८७७ मध्ये सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूर येथे दुष्काळाच्या कामावर होत्या व तेथील हाल पत्राने पतीस कळवीत होत्या. पतीच्या पश्चात सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी वाहिली आणि १८९३ साली सासवडच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविले.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान मांडले. यशवंत तेव्हा लष्कराच्या वैद्यकीय नोकरीत होता. आईने त्यास बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या जागी दवाखाना उघडावयास लावला. मुलगा औषधोपचार करी व आई रोगी शोधून आणी. अशात मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलास गाठ आल्याचे त्यांस कळले. त्या तेथे गेल्या, मुलास पाठीवर घेतले व तसेच चालत मळ्यातील दवाखान्यात आणले. त्यांचे वय तेव्हा ६६ वर्षांचे होते. त्या मुलाची शुश्रूषा करता करता त्यांनाच रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी रात्री ९ वाजता त्यांचे देहावसान झाले.